‘भिवापूर’चा भ, दोन मिलिमीटरचा

बाबा नागपूरला मोतीबागच्या रेल्वे कारखान्यात पेंटर होते. नॅरोगेजच्या डब्यांवरचे नंबर आणि पाट्या ब्रशने लिहिणं हे त्यांचं काम. 2009 मध्ये ते निवृत्त झाले. 2019 च्या नोव्हेंबरात इतवारी–नागभीड लाइन ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली आणि त्यांच्या हातची अक्षरं घेऊन फिरणारे डबेही थांबले. 8 डिसेंबर 2024 ला बाबांना 75 पूर्ण होणार होती. त्यांनी लिहिलेल्या डब्यांपैकी एक लहान करून त्यांच्या हातात द्यायचा, हे मी त्याआधीच्या हिवाळ्यातच ठरवलं होतं.

डबा तयार होता. प्लास्टिक शीट कापून, चिकटवून, घासून तीन महिन्यांत 21 सेंटिमीटरचा सांगाडा उभा राहिला. प्रमाण 1:48. नॅरोगेजच्या दोन रुळांतलं अंतर 762 मिलिमीटर, त्याला 48 ने भागलं की 15.9 येतात, म्हणून बाजारात मिळणारा 16.5 मिलिमीटरचा रूळ त्याला जवळजवळ बसतो. निळा रंगही नीट बसला होता. अडलं ते अक्षरांपाशी. देवनागरीतले तयार डिकॅल, म्हणजे मॉडेलवर चढवायची छापील अक्षरं, मला कुठेच मिळाले नाहीत. दोन मिलिमीटरची अक्षरं ब्रशने लिहिणं माझ्या हाताला जमणारं नव्हतं, आणि बाबांचा हात आता थरथरतो. मग घरीच छापायचे ठरवले. त्यात मार्च ते नोव्हेंबर गेले. सगळं तारखांसकट लिहिते आहे, कारण मी सुरुवात केली तेव्हा नागपूरच्या हवेत हे काम कसं करायचं, हे सांगणारं कुणी नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की डिकॅलच्या कागदावर डिंकाचा थर असतो आणि त्यावर पातळ फिल्म. फिल्मवर छापायचं, पाण्याने डिंक सोडवायचा आणि फिल्म सरकवून मॉडेलवर बसवायची. इंकजेटची शाई पाण्यात विरघळते, म्हणून छापल्यावर ती आधी सील करावी लागते. सगळी मेख या सील करण्यात आहे.

17 मार्चला, रविवारी, कागद मागवले. पांढरे पाच 700 रुपयांना, पारदर्शक पाच 600 ला. दोन्ही का, ते मला नंतर कळलं असतं तर पैसे वाया गेले असते, म्हणून आधी सांगते. घरच्या प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. निळ्या डब्यावर पांढरी अक्षरं हवी असतील तर पांढऱ्या कागदावर निळी पट्टी छापायची आणि अक्षरांची जागा कोरी सोडायची. पारदर्शक कागद काळ्या अक्षरांसाठी. त्यावर पिवळा छापला तर तो खालच्या रंगात हरवून जातो. म्हणून डब्याबरोबर केलेल्या, त्याच लाइनवरच्या नागभीड, भिवापूर आणि उमरेड स्टेशनांच्या पाट्या मी आधी पिवळ्या रंगवल्या आणि त्यावर फक्त काळी अक्षरं पारदर्शक कागदावरून चढवली.

कागद 6 एप्रिलला आले. तोवर मी अक्षरं तयार करत बसले होते. बाबांच्या जुन्या फोटोंवरून कॉम्प्युटरच्या फॉन्टमध्ये टाइप केलं, अक्षरं 48 पटीने लहान केली आणि साध्या कागदावर छापून बाबांना दाखवली. त्यांनी भिंग लावून पाहिलं.

“पोरी, हे नागमीड झालं नं.”

मला दिसेना.

“तुले दिसून नाही राहिलं? भ चं डोकं उघडं पाहिजे. फट बुजली का म होते. अन् भिवापूरचं तर पाहायचंच नाही, वेलांटी येऊन त्याच फटीवर बसते.”

खरंच होतं. भ आणि म, ध आणि घ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या तेवढ्या फटीवर उभा आहे. डब्यावर दहा सेंटिमीटरचं अक्षर असेल तर माझ्या मॉडेलवर ते 2.1 मिलिमीटरचं. खऱ्या अक्षरात एक सेंटिमीटरची फट असली तर इथे 0.2 मिलिमीटर उरते, आणि शाई थोडी जरी पसरली तरी ती बुजते. बाबा म्हणाले, लांबून वाचायच्या अक्षरात ते फट मुद्दाम मोठी ठेवत. फलाटावरच्या माणसाला चालत्या डब्यावरचं वाचता आलं पाहिजे.

तेव्हापासून पुढचे तीन रविवार आम्ही दोघं जेवणाच्या टेबलावर होतो. बाबा जुन्या वर्तमानपत्रावर मोठी अक्षरं पेन्सिलीने काढून देत, मी त्यांचा फोटो काढून इंकस्केपमध्ये त्यावरून रेषा ओढत असे. इंकस्केप हे रेषाचित्रं काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. फट 0.2 ची 0.35 केली, शिरोरेषा 0.3 ठेवली. थरथरीमुळे वाकड्या झालेल्या रेषा मी सरळ करून घेतल्या. अक्षरांचं शेवटी रेषाचित्र करून ठेवा, नाहीतर दुसऱ्या कॉम्प्युटरवर वेलांट्या आणि रफार जागा सोडतात. देवनागरी नुसती लहान करून चालत नाही, त्या आकारासाठी ती पुन्हा काढावी लागते. या सगळ्या प्रकरणातून मला कळलेली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

छपाईसाठी मी नागपुरातल्याच बर्डीला एका झेरॉक्सवाल्याकडे गेले होते. त्याच्या लेझर प्रिंटरवर रेषा जास्त रेखीव येतील असं वाटलं. त्याने कागद उलटसुलट करून पाहिला, पाकीट वाचलं आणि परत दिला. “ताई, हा इंकजेटचा आहे. माझ्या मशीनमध्ये गरम होऊन वितळला तर अख्खा रोलर जाईल.” तो बरोबर होता. लेझरमध्ये कागद तापलेल्या रोलरखालून जातो आणि इंकजेटच्या कागदाची फिल्म ती उष्णता सोसत नाही. लेझरचा डिकॅल कागद वेगळा मिळतो. घेतानाच पाहून घ्या.

मग घरच्या प्रिंटरवर छापायचं ठरलं. निळ्याचं काय करायचं? डब्याच्या रंगाशी जुळणारा निळा छापायला मी साध्या कागदावर बारा छटा काढल्या, एकही जुळली नाही. शेवटी उलटं केलं. छापलेल्या पट्टीचा निळा पक्का धरला आणि डब्याचा तेवढा खिडक्यांखालचा पट्टा त्याला जुळेल असा रंग कालवून पुन्हा रंगवला. पट्टी अशी कापायची की तिची कड पत्र्याच्या जोडावर येईल. जोडावर रंगाचा उरलासुरला फरक लपतो.

मार्चअखेर आणि एप्रिल बँकेच्या कामात गेले. 24 मे ला रात्री छापलं, रात्रभर वाळू दिलं. 25 मे चौथा शनिवार, सुट्टी. नवतपाही, म्हणजे सर्वांत कडक उन्हाचे नऊ दिवस, त्याच दिवशी लागला होता. दुपारी तीनला गच्चीवर जाऊन पारदर्शक लॅकरचा स्प्रे मारला. कडक उन्हात चटकन वाळेल असा माझा हिशोब होता. हात फिरवला तर कागद बारीक रव्यासारखा खरखरीत. एवढ्या उन्हात लॅकरचे थेंब कागदावर पोचायच्या आधी हवेतच सुकतात आणि पिठासारखे येऊन बसतात. थर सलग होत नाही. पाण्याचा थेंब टाकला आणि निळी शाई सुटली.

दुसऱ्या दिवशी दुसरा कागद. ऊन नको म्हणून खोलीत, कूलर लावून, खिडक्या उघड्या ठेवून मारला. दहा मिनिटांत सगळ्या पट्टीवर दुधासारखी साय आली. लॅकरमधलं द्रावक उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेत ओल असली की ती तिथेच धरते. आपला कूलर म्हणजे ओल्या गवताच्या जाळीतून फेकलेली हवा. बाहेर कितीही कोरडं असो, कूलरच्या खोलीत पावसाळा असतो. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. पाच पांढऱ्या कागदांपैकी दोन गेले होते आणि बाबा विचारत होते, “झालं का?”

तिसऱ्या वेळी, 2 जूनला, पहाटे साडेपाचला गच्चीच्या जिन्याशी बसले. ऊन नाही, कूलर नाही, वारा नाही. स्प्रेचा डबा आधी दोन मिनिटं चांगला हलवला. हीच वेळ नागपूरच्या उन्हाळ्यात योग्य आहे, सात वाजले की थांबायचं. पहिला हात अगदी हलका, 30 सेंटिमीटरवरून, नुसतं धुकं. तो ओला बसला तर लॅकरच शाईला पसरवतं आणि भ चं डोकं बुजतं. वीस मिनिटांनी दुसरा, तसाच हलका. मग तिसरा आणि चौथा थोडे ओलसर, प्रत्येक वेळी स्प्रे आडवा नेऊन कागदाच्या बाहेर सोडायचा. मास्क लावा, आणि स्प्रेचे डबे गच्चीवर विसरू नका. मेच्या उन्हात स्प्रेचा भरलेला डबा तापणं धोक्याचं आहे.

चोवीस तासांनी कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवला, पाच मिनिटं थांबले, टिश्यूने टिपला. टिश्यू पांढरा राहिला. ही चाचणी प्रत्येक कागदाची करा, सुटणारी शाई कोपऱ्यावरच कळलेली बरी.

तरीही त्या कागदाचा उपयोग झाला नाही. 8 जूनला एक पट्टी कापून वाटीत बुडवली आणि कापलेल्या कडांतून निळा धूर निघाल्यासारखी शाई बाहेर आली. वरून सील झालं होतं, पण शाई कडेपर्यंत छापलेली असली की कापताना कड उघडी पडते. यावर दोन उपाय आहेत. एक, कापल्यावर कडांना पातळ ब्रशने क्लिअर, म्हणजे पारदर्शक लॅकर, लावून वाळवायचं. दोन, पट्टी बुडवायचीच नाही, ओल्या सुती फडक्यावर कागदाची बाजू खाली करून ठेवायची. पुढे मी दोन्ही केलं.

डिकॅल मऊ करणारं द्रावण तोपर्यंत हातात नव्हतं. मायक्रो सेट आणि मायक्रो सोल अशा दोन बाटल्या मी मे महिन्यात परदेशातून मागवल्या होत्या, टपालासह 1,480 रुपये. पार्सल मुंबईला येऊन थांबलं. ओळखपत्राची प्रत, बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा मागणारं पत्र आलं. मी आधार कार्डाची प्रत आणि बिल पाठवलं. ते परत आलं, कारण बिलावर वस्तूचं वर्णन नुसतं ‘हॉबी सप्लाय’ असं होतं. विक्रेत्याकडून नवं बिल मागवलं, त्यावर बाटलीचं नाव, आकारमान आणि वापर लिहून घेतला. 412 रुपये शुल्क पोस्टमनदादांना रोख दिलं आणि 3 जुलैला पार्सल हातात आलं. मागवतानाच विक्रेत्याला सविस्तर बिल द्यायला सांगा, तीन आठवडे वाचतील. आणि घाई असेल तर सेटच्या जागी पांढरं व्हिनेगर पाण्यात अर्धं-अर्धं करून चालतं, तेही मी करून पाहिलं आहे. सोलला मात्र घरचा पर्याय मला सापडला नाही.

जुलैत बाटल्या आल्या तेव्हा पाऊस सुरू झालेला होता. पावसाळ्यात लॅकर मारायचं नाही, एवढं कूलरने शिकवलं होतं. उरलेले कागद हवाबंद डब्यात, औषधांच्या बाटल्यांतून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवले. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर काहीच केलं नाही. थांबणं कठीण गेलं. बाबांच्या डोळ्यांची तपासणी याच काळात झाली आणि डावीकडे मोतीबिंदू वाढल्याचं कळलं, त्यामुळे डिसेंबर फार जवळ वाटू लागला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, 13 ऑक्टोबरला, हवा कोरडी झाली होती. पुन्हा छापलं, रात्रभर वाळवलं, 14 ला बँकेत जायच्या आधी सकाळी सहा ते साडेसात चार हात मारले. चोवीस तासांनी टिश्यू पांढरा. 20 ला डब्याला चकचकीत क्लिअर मारलं. इथे घाई करू नये. मॅट रंग डोळ्यांना दिसत नसला तरी खडबडीत असतो, त्याच्या खळग्यांत हवा अडकते आणि फिल्मखाली चांदीसारखी चमक दिसते. गुळगुळीत पृष्ठभागावर हवेला जागाच राहत नाही.

26 ऑक्टोबर. टेबलावर पांढरा टॉवेल, चिमटा, नवं ब्लेड, दोन ब्रश, कानकाड्या. पाणी बॅटरीत टाकतात ते, डिस्टिल्ड. आमच्याकडच्या नळाच्या पाण्याचा वाळल्यावर पांढरा डाग राहतो आणि निळ्यावर तो लगेच दिसतो. पाणी कोमट केलं. पट्टी ओल्या फडक्यावर ठेवली, पाऊण मिनिटाने बोटाने हळूच ढकलून पाहिली. हलली की उचलायची, आधी नाही. डब्यावर सेटचा एक थेंब, त्यावर पट्टी कागदासकट आणून ब्रशने सरकवली.

बाबा समोर बसले होते. “खालून नको मोजू. खिडकीच्या पट्टीवरून मोज. डबा खालून कुठं सरळ असते?” कारखान्यात ते खडूची दोरी मारून ओळ धरत. मी मास्किंग टेपची बारीक पट्टी लावून तीच ओळ धरली.

जागेवर बसल्यावर कानकाडी मधून कडेकडे फिरवून पाणी काढलं आणि वरून सोल लावलं. दोन मिनिटांत पट्टीवर सुरकुत्या उठल्या. माझ्या पोटात गोळा आला. पण त्या वेळी हात लावायचा नसतो. फिल्म लोण्यासारखी मऊ झालेली असते, बोट लागलं की फाटते. अर्ध्या तासात ती आपोआप ताणून बसली, पत्र्याच्या रिव्हेटांवरसुद्धा. घरच्या डिकॅलवर लॅकरचा जाड थर असतो, त्यामुळे सोल एकदा पुरत नाही. मला तीनदा लावावं लागलं, दर वेळी पूर्ण वाळू देऊन.

एका बाजूच्या नंबराखाली तरी चांदी दिसलीच. बारीक सुईने तिथे चार भोकं पाडली, सोल सोडलं, सकाळपर्यंत ती गेली. पांढऱ्या कागदाच्या कापलेल्या कडा पांढऱ्या दिसत होत्या, त्यांना डब्याचाच निळा ट्रिपल झिरोच्या अगदी बारीक ब्रशने ओढून घेतला. डब्याच्या दोन्ही बाजूंचे मिळून आठ, आणि नागभीड, भिवापूर, उमरेड या तीन पाट्यांच्या दोन्ही बाजूंचे सहा, असे चौदा डिकॅल लावायला दोन दिवस लागले.

दिवाळीत सगळं झाकून ठेवलं. तेवढे दिवस मिळाले हे बरंच झालं, कारण सोल पूर्ण उडून गेल्याशिवाय वरून काही मारू नये. 9 नोव्हेंबरला डिस्टिल्ड पाण्याच्या ओल्या फडक्याने डिंकाचे डाग पुसले, पुन्हा एक हलका चकचकीत हात दिला, त्याने डिकॅलच्या कडेची पायरी बुजते. 10 ला मॅटचे दोन हात. चकाकी गेली आणि त्या क्षणी पट्टी लावलेली न वाटता लिहिलेली वाटू लागली. मी बराच वेळ तो डबा हातात धरून जिन्यात बसले होते.

खर्च लिहून ठेवला आहे. कागद 1,300, स्प्रेचे तीन डबे (दोन चकचकीत, एक मॅट) 1,170, बाटल्या शुल्कासह 1,892, ब्लेड-ब्रश-चिमटा 540, पाणी 40. एकूण 4,942 रुपये. पहिले दोन कागद मी वाया घालवले नसते तर 280 कमी. यात प्रिंटरची शाई धरलेली नाही.

8 डिसेंबरला सकाळी ओवाळून झाल्यावर डबा त्यांच्या हातात दिला. तयार होताना त्यांनी तो रोज पाहिला होता, तरी खिडकीशी नेऊन, भिंग लावून, एका बाजूने दुसऱ्या बाजूला वाचत गेले. भिवापूरच्या पाटीशी थांबले. “डोकं उघडं आहे,” म्हणाले. मग वही मागितली आणि एका पानावर पेन्सिलीने ‘कुही’ लिहून दिलं. ती पाटी मी केलीच नव्हती.

पारदर्शक कागद अर्धा उरला आहे. ‘कुही’ त्यावर मी काल रात्री छापलं, आणि या वेळी रेषा सरळ केल्या नाहीत. ह चा फाटा थरथरला आहे तसाच ठेवला आहे. आज सकाळी चार हात मारून झाले. उद्या सातला चोवीस तास होतील, मग कोपऱ्यावर थेंब ठेवून पाहीन.